हुडकणं

बिंदू चौकात उभं राहून पत्ता विचारला
की दहा बोटं वर होतात.
जिकडं जास्त बोटं, तिकडं वळायचं.
मोबाइलमधला शोध एवढंच करतो,
फक्त बोटं लाखांत असतात.
चुकलं तरी फार बिघडत नाही,
पुढच्या पानटपरीवर दुरुस्त होतं.

शिरोलीच्या आमच्या फाउंड्रीत
कुणीच कुणाकडं बोट दाखवत नाही.
सव्वा लाख फायली सर्व्हरवर,
एकाच मस्टरवर सह्या करून
वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या माणसांसारख्या.

मार्चमध्ये श्रेणिकनं नवी शोधखिडकी बसवली.
म्हणाला, मॅडम, घरी करता तसंच टाइप करायचं.
मी केलं : पंप केसिंग, सहा इंची.
बाहेरच्या जगानं एवढ्यावर
राजकोटचे विक्रेते, कुठल्या कुठल्या देशातले व्हिडिओ
आणि सहा इंची कुंड्यासुद्धा दिल्या असत्या.
इथं त्रेचाळीस उत्तरं.
त्यातल्या अकरांच्या नावात फायनल.
एक, फायनल_खरं.
एक, फायनल_खरं_साहेबांनी_बघितलेलं.

सोलापूरचं गिऱ्हाईक फोनवर थांबलेलं.
दोन हजार नऊचाच तुकडा पाहिजे, तसाच.
तिथं लाख उत्तरं चालतात.
इथं एकच लागतं,
आणि बाकीची बेचाळीस
भट्टी ओतल्यावर कळतात.

मग नाव टाइप केलं : मगदूम.
शिदगोंडा मगदूम, रेकॉर्ड विभाग, निवृत्त.
खिडकीनं दिलं :
सेफ्टी बूट, नऊ नंबर.
रजेचा अर्ज, कारण धाकटीची सोयरीक.
महापुरात भिजलेल्या फायलींची यादी,
प्रत्येकीपुढं त्यांच्या अक्षरात ‘गेली’.
आणि एक पत्र : मगदूम_खुलासा.
दाबलं तर,
आपणास ही फाइल पाहण्याची परवानगी नाही.

श्रेणिक ओशाळला.
नावसुद्धा दिसायला नको होतं, म्हणाला, सेटिंग राहिलं.
बाहेर जे बंद असतं ते आपल्यापुरतं नसतंच.
इथं दार बंद, पण दारावर पाटी,
आणि पाटीवर ओळखीचं नाव.
संध्याकाळपर्यंत त्यानं पाटीही काढली.
आता मगदूम टाइप केलं की
बूट, सोयरीक, आणि गेलेल्या फायली.

त्याच्या आधीच, दुपारी, मी रुकडीला फोन लावला होता.
मागं पाण्याची मोटर चालू.
“काय हुडकालीयास?”
केसिंग, म्हटलं. दोन हजार नऊ.
“ड्रॉइंग गावलं तरी वापरू नगोस. चुकीचं हाय ते.
फ्लँजला तीन मिली जास्त लागतंय.
माळ्यावर लाकडी पॅटर्न आसंल, पालथा कर.
दिलावरनं पेन्सिलीनं लिवलंय.”

माळ्यावर वाळूची धूळ, उंदरांच्या लेंड्या,
सागवानी पॅटर्न, लाल रंग उडालेला.
दोघांनी मिळून पालथा केला.
+३. दि. शिकलगार. शनिवार.
तारीख नाही.

फोटो काढून सर्व्हरवर टाकला.
नाव काय द्यावं यात अर्धा तास गेला.
माझ्यानंतर या खुर्चीत जी कोण येईल
ती काय टाइप करेल?
केसिंग? दिलावर? तीन मिली?
की शनिवार?
सगळेच शब्द घातले, नाव दीड ओळीचं झालं.
फायनल तेवढं घातलं नाही.

खुलाशाचं मी विचारलं नाही.
“आणि काय हुडकायचं हाय?” त्यांनीच विचारलं होतं.
नाही, म्हटलं, एवढंच.
तेवढ्यात तिकडची मोटर बंद झाली,
त्यामुळं ते थांबलेले
मला ऐकू आले.